बेसरावांनी विचारलं

चष्म्याच्या दुकानदाराने अंपायर होऊ नये. झालाच, तर कान घरी ठेवून मैदानावर जावं. एखादा निर्णय कुणाच्या मनाविरुद्ध गेला रे गेला की कुंपणामागून पहिली आरोळी ठरलेली, "अहो, आधी स्वतःचा नंबर काढून या!" आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, "काचा विकून टाकल्या वाटतं, नुसती फ्रेम घालून आलेत!" इथे तर एक नाही, दोन अंपायर एकाच दुकानातले, वर नवरा-बायको. टवाळांची चंगळच होती.

तिला सगळे प्लेटबाई म्हणायचे. सॉफ्टबॉलमध्ये बॅटर जिथे उभी राहते तिथे जमिनीत एक पांढरी पाटी बसवलेली असते, ती होम प्लेट. तिच्यामागे, बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या खांद्यावरून वाकून, तोंडाला जाळीचा मास्क लावून ही उभी असायची. नवरा आत मैदानात, पळताना ज्यांना पाय लावत जायचं त्या बेसांच्या मधे, पळणाऱ्यांवर डोळा ठेवून. म्हणून तो बेसराव. खरी नावं विजेच्या बिलावर असतील तेवढीच. इस्त्रीवालासुद्धा दारातून "बेसरावांचे शर्ट!" अशी हाक मारायचा, आणि बेसराव मुकाट्याने ओ द्यायचे.

दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढे काचेचं कपाट, आरसा, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि बेसराव. मागे प्लायवूडच्या भिंतीपलीकडे काच घासायचं यंत्र, त्याच्या चाकावर ठिबकणारं पाणी, आणि प्लेटबाई. काचेची कड फ्रेमच्या मापाने घासायची, बोटाने चाचपायची, पुन्हा घासायची. दिवसभर बोटांना पांढरा चिकट गाळ. भिंतीत एक खिडकी होती, पोळपाटाएवढी. तिच्यातून ट्रे आत यायचा आणि बाहेर जायचा, आणि नवरा-बायकोचं बोलणंही तेवढ्याच फटीतून. "झालं?" "होतंय." "उद्या हवाय." "बरं." संसार असा खिडकीतून चालला होता, आणि वाईट चालला होता असं नाही. मुलगा शिकून दूर गेला होता, भांडण म्हणावं तर कशावरून करायचं हाच प्रश्न.

बेसराव कामाला चोख, बोलायला कमी, पण एक खोड अशी की बायकोने कपाळावर हात मारून घ्यावा. हा माणूस कुणाला काही विचारायचा नाही. विचारलं की आपल्याला कमीपणा आला, असं त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं होतं देव जाणे. एकदा दोघं परक्या गावी कारने निघाली आणि रस्ता चुकली. काच खाली करून कुणाला विचारावं? छे! त्याच पेट्रोल पंपावरून गाडी पुन्हा पुन्हा गेली. शेवटी प्लेटबाई म्हणाली, "अहो, तो पंपवाला आता आपल्याला ओळखून हात करायला लागलाय." तर हे म्हणतात, "मला माहितीय कुठे वळायचं ते." वळले आणि पंप पुन्हा आला.

अंपायरिंग आधी त्यांचंच. ती मैदानावर पहिल्यांदा गेली ती त्यांची विसरलेली टोपी द्यायला. त्या दिवशी प्लेटमागे उभं राहणाऱ्या माणसाची कंबर धरली होती. व्यायामशिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई तेव्हा सगळ्या मॅचेस सांभाळायच्या. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी टोपी घेऊन आलेल्या बाईकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि तिच्या डोक्यावर मास्क चढवला.

"अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही," ती जाळीतून म्हणाली.

"काच घासताना कड सरळ आहे की नाही ते कळतं ना? मग झालं. बॉल गुडघ्याच्या वर, काखेच्या खाली, आणि पाटीवरून गेला की ओरडायचं. बाकीचं मी बघते."

ती ओरडली. पण तिचा आवाज मुळातच पडका. बॅटरने मागे वळून अदबीने विचारलं, "काकू, काही म्हणालात का?" अख्खं मैदान हसलं. दुसऱ्या कुणी मास्क फेकून दिला असता. प्लेटबाई दुसऱ्या दिवशी यंत्राच्या खोलीत दार लावून घेऊन "स्ट्राइक!" आणि "आऊट!" घोकायला लागली. पुढे एक गृहस्थ तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होते. मागून "आऊट!" असा बाँब फुटला. बिचारे डोळ्यावरचा हात काढून म्हणाले, "चुकलं का हो माझं?"

तो आवाज तिला कुणी द्यायला हवा होता आणि मास्तरीणबाईंनी दिला. आज त्या नाहीत. पण प्लेटबाई मास्क चढवताना मनात दर वेळी त्यांचे आभार मानायची, अगदी शब्दांत, "बाई, तुमच्यामुळे हो."

आणखी एका गोष्टीसाठी ती या खेळाची ऋणी होती, पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. दोन अंपायर असले की प्रत्येक बॅटर आली की दोघांनी एकमेकांकडे बघायचं असतं. किती आऊट झाले, कुठल्या बेसवर कोण, पुढे काय होऊ शकतं, सगळं खुणांनी. एक टोपीला हात लावतो, दुसरा मनगट दाबतो. झालं! दुकानात खिडकीतून फक्त हात दिसणारा नवरा रविवारी दुपारभर मान वर करून तिच्याकडे बघायचा. एका मॅचमध्ये बेसराव तिच्याकडे जितक्या वेळा बघायचे तितकं लग्नाच्या पहिल्या वर्षातही बघितलं नसेल. नियमाने का होईना, बघायचे. तिला ते पुरत होतं. खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं.

मैदानावर मात्र शिस्त कडक. नवरा-बायको दोरीच्या बाहेर. आत एकमेकांना "तुम्ही", आणि हाक मारायची तर "प्लेट" आणि "बेस". बॅटरने बॅट अर्धी फिरवून मागे घेतली की प्लेटबाईला नीट कळायचं नाही, मग ती बिनदिक्कत बोट करून बेसरावांना विचारायची, "बेस, फिरली का?" आणि ते मूठ दाखवायचे किंवा हात आडवे करायचे. ती शंभरदा विचारी. ते? एकदाही नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. त्यांनी एकदा आरोळी ठोकली की ती दगडावरची रेघ.

आता दोन नियम सांगतो, कारण त्यांच्यावाचून पुढचं सगळं फुकट आहे. घाबरू नका, परीक्षा नाही.

पहिला अपीलचा. पळणारीचा पाय बेसला लागलाच नाही आणि अंपायरने ते स्वच्छ पाहिलं, तरी अंपायर गप्प. समोरच्या संघाने विचारलं, "हिने बेस सोडला का?" तरच सांगायचं. नाही विचारलं तर पाहिलेलं पोटात घेऊन घरी जायचं. शेवटच्या खेळीत तर अंपायर मैदान सोडून जाईपर्यंतच विचारता येतं. ते गेले की विषय बंद. प्लेटबाईने असली कितीतरी गुपितं पोटात घातली होती. एका कर्णधार मुलीने पुढे कधीतरी दुकानात चष्मा घ्यायला आल्यावर सहज विचारलं, "काकू, त्या मॅचला तिचा पाय लागला होता का हो?" प्लेटबाई म्हणाली, "वीतभर लांब होता." ती मुलगी काउंटरवर डोकं टेकून बसली.

दुसरा अडथळ्याचा, आणि तो बरोब्बर उलटा. मारलेला बॉल अडवायला कुणी सरसावली असेल तर ती वाट तिची. पळणारी तिच्यावर आदळली तर पळणारी बाद, आणि हे अंपायरने कुणी न विचारता, तिथल्या तिथे ओरडायचं. फक्त एक पोटनियम आहे. बॉल आधी दुसऱ्या कुणा खेळाडूला लागून वळला असेल, तर पळणारीचा दोष नाही, तिने मुद्दाम धडक दिली नसेल तर.

आणि शेवटचं एक. एका अंपायरने दिलेला निर्णय दुसऱ्याने आपणहून खोडायचा नाही. मला वेगळं दिसलं, असं तोंडाने तर नाहीच, मान हलवूनही सांगायचं नाही. ज्याने निर्णय दिला त्याने विचारलं, तर आणि तरच बोलायचं. बदलायचा की नाही तेही त्यानेच ठरवायचं.

त्या मोसमात सॉफ्टबॉल मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यात एक किडा शिरला. ऊन असो नसो, हातात कायम छत्री, म्हणून त्यांना छत्रीवाले म्हणत. माणूस दुष्ट नव्हता, पण कुणी कान भरले की लगेच भरले जायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं, नवरा-बायको एकाच मॅचला म्हणजे एकमेकांच्या चुकांवर पांघरूण घालणार. छत्रीवाले दुकानात आले, चष्मा पुसून घेतला, आणि जाता जाता म्हणाले, "फायनल तुम्ही दोघं करा. मी बघायला येतो. मग ठरवू, पुढच्या मोसमापासून जोडी ठेवायची की दोघांना वेगवेगळ्या मैदानांवर पाठवायचं."

बेसराव म्हणाले, "जशी मंडळाची मर्जी." आणि ट्रे खिडकीतून आत सरकवला.

आत प्लेटबाईच्या हातातली काच चाकावर जास्त दाबली गेली आणि फुटली. तिच्या हातून काच फुटणं म्हणजे नवलच. तिला वाटलं, बाहेर जाऊन छत्रीवाल्यांना सांगावं, अहो, आठवड्यात तेवढी एक दुपार हा माणूस मान वर करून माझ्याकडे बघतो, ती काढून घेऊ नका. पण असलं काय सांगणार? तिने दुसरी काच घेतली.

फायनल हॉस्पिटलच्या नर्सेस आणि बस डेपोच्या कंडक्टर बायकांची. नर्सेसची पिचर म्हणजे एक काटकुळी मुलगी; तिचा बॉल कळायच्या आत टोचून जायचा म्हणून सगळे तिला इंजेक्शन म्हणत. डेपोची कर्णधार उंच, दणकट, भर गर्दीच्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा गळा. ती सगळ्यांची ताई. आधीच्या मॅचेसच्या गुणांमध्ये नर्सेस पुढे होत्या. त्यांना बरोबरी पुरे होती, चषक त्यांचा. डेपोला जिंकावंच लागणार होतं.

शेवटचा डाव आला तेव्हा दोघींच्या धावा सारख्या. डेपोची बॅटिंग, दोन आऊट. तिसऱ्या बेसवर ताई, दुसऱ्यावर डेपोची सगळ्यात नवी मुलगी. ताई होमला आली की डेपो जिंकला. एक आऊट मिळाला की नर्सेसचा चषक. कुंपणाला लोक चिकटले होते. छत्रीवाले छत्री मिटून उभे.

बेसरावांनी तिच्याकडे पाहिलं. टोपीला हात. दोन आऊट. तिने मनगट दाबलं.

इंजेक्शनने बॉल टाकला आणि बॅटरने तो सरळ तिच्याकडेच हाणला. तिने ग्लोव्ह खाली घातला. बॉल ग्लोव्हच्या टोकाला जेमतेम शिवला, हं, नुसता शिवला, आणि किंचित वळून पुढे गेला. प्लेटबाईला तो टचकन वळलेला दिसला. दिवसभर काचेची कड बघणारी बाई ती. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नाही. मागे उभी असलेली नर्सेसची खेळाडू दुसऱ्या बाजूला निघाली होती. ती बॉलसाठी उलटी फिरली, आणि दुसऱ्या बेसवरून पळत सुटलेली डेपोची नवी मुलगी तिच्यावर धाडकन आदळली. दोघी मातीत. बॉल लांब गेला. ताई होमच्या इतकी जवळ आली होती की आता बॉल आकाशातून पडला असता तरी तिला कुणी अडवू शकलं नसतं.

"डेड बॉल!" बेसरावांची आरोळी. दोन्ही हात वर. "अडथळा! रनर आऊट!"

तिसरा आऊट. ताईची धाव रद्द. बरोबरी. नर्सेस उड्या मारत मैदानात धावल्या.

बेसरावांचा काय दोष? ते पिचरच्या मागे उभे होते, मधे तिची पाठ. त्यांना ग्लोव्ह दिसलाच नसणार. त्यांना दिसली ती धडक, आणि धडक खरी होती. दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण निर्णय साफ चुकला होता, आणि हे त्या क्षणी जगात बहुधा एकाच बाईला ठाऊक होतं, आणि तिला तोंड उघडायची बंदी होती.

ताई धापा टाकत बेसरावांकडे गेली. ओरडली नाही, हे तिचं मोठेपण. "सर, बॉल आधी पिचरला लागला असेल असं वाटतंय. तेवढं प्लेटला विचारता का?"

"मी पाहिलंय," बेसराव म्हणाले. "खेळ संपला."

ताई प्लेटबाईकडे वळली. "काकू, तुम्ही तर समोर होतात."

"मला फक्त ते विचारू शकतात," प्लेटबाई म्हणाली. तिचाच आवाज तिला पुन्हा पडका वाटला.

मॅच संपली की दोघं अंपायर इकडेतिकडे न बघता, न रेंगाळता एकत्र बाहेर पडायचे, ही त्यांची कायमची रीत. रेंगाळलं की भांडण लागतं. बेसराव रेषेकडे चालू लागले. एकदा ते आणि ती कुंपणाबाहेर पडली की सगळ्यावर कायमचा पडदा. चालताना त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

प्लेटबाई होती तिथेच होती. खाली बसून छोट्या ब्रशने होम प्लेट झाडत होती. आता त्या पाटीशी कुणी उभं राहणार नव्हतं, तरी ती आपली झाडत होती. हे बोलल्यासारखं तर होत नाही ना? नियमात न बोलणं सांगितलंय, न हलणं कुठे सांगितलंय? मास्तरीणबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? काही सुचेना, म्हणून ती झाडत राहिली. आणि तिला पक्कं कळत होतं की कुंपणाशी छत्रीवाले उभे आहेत. यांनी विचारलं आणि मी सांगितलं, तर उद्या छत्रीवाले म्हणतील, बघा, बायकोच्या सांगण्यावरून निर्णय फिरवला. जोडी मोडणार. नाही विचारलं तर जोडी टिकेल, आणि ती नवी मुलगी अजून तिकडे मातीत बसून रडतेय ती रडत राहील. प्लेटबाईला जोडी हवी होती. देवाशप्पथ हवी होती. तरीही तिला वाटत होतं, विचारा. अहो, एकदा तरी विचारा!

बेसराव परत आले. तिच्यासमोर उभे राहिले.

"काय करतेस?" मैदानावर "तू" निसटलं त्यांच्या तोंडून.

"प्लेट झाडतेय."

"मॅच संपलीय."

"तुम्ही सांगितलंत ना तसं," ती मान वर न करता म्हणाली.

बेसरावांच्या बुटांची टोकं तिला दिसत होती, मातीने लाल झालेली. तिने इतक्या वर्षांचा माणूस ओळखला होता. तो आता "चल" म्हणणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. बुटांची टोकं वळतील म्हणून ती बघत राहिली. ती वळली नाहीत. बेसरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"प्लेट," ते म्हणाले. "एक विचारायचं होतं. बॉल आधी कुणाला लागला का? मला दिसलं नाही."

मला दिसलं नाही! चष्म्याच्या दुकानाचा मालक, भर मैदानात, कुंपणाला लोक चिकटलेले असताना! प्लेटबाईला वाटलं, उठून या माणसाचे हात धरावेत. ती नुसती उठून उभी राहिली.

"लागला. पिचरच्या ग्लोव्हच्या टोकाला. मग वळला."

"आणि धडक?"

"मुद्दाम नव्हती. ती वळून आली, ही पळत होती."

"तिसऱ्यावरची?"

"आलीच होती. कुणी अडवू शकलं नसतं."

बेसरावांनी मान डोलावली. मग ते दोन्ही कर्णधारांना बोलावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा निर्णय चुकला. अडथळा नाही. धाव धरली जाईल. डेपो जिंकला." आणि पुन्हा एकदा, कुणी सांगितलं नसताना, "चूक माझी आहे. प्लेटची नाही."

पुढे जे झालं त्याला गोंधळ हा शब्द तोकडा आहे. डेपोच्या बायका एकमेकींवर पडल्या, ताईने त्या नव्या मुलीला मातीतून उचलून खांद्यावर घेतलं. नर्सेसच्या बाजूने "आधी नंबर काढा!" पासून सगळं सुरू झालं. आणि छत्रीवाले छत्री रोखून आत आले.

"हेच!" ते म्हणाले. "हेच मी म्हणत होतो. बायकोने मुरका मारला आणि यांनी चषक फिरवला! उद्या कुणाचा विश्वास राहील? संपलं. पुढच्या मोसमापासून तुम्ही एका मैदानावर, त्या दुसऱ्या."

बेसरावांचं मास्तरीणबाईंच्या वेळेपासूनचं सगळं त्या एका वाक्यात गेलं होतं, पण चेहरा शांत होता. प्लेटबाईच्या डोळ्यांना मात्र धारा लागल्या. तिने मास्क पुन्हा तोंडावर ओढला. पण मास्कची जाळी मोठी, सगळं दिसतंच.

"एक मिनिट," कुणीतरी म्हणालं.

इंजेक्शन. ती गर्दीतून पुढे आली. एक ग्लोव्ह अजून हातात, डोळे लाल. तिच्या मागे तिच्याच संघातल्या बायका तिला ओढत होत्या, "गप गं, चल." ती हलली नाही.

"बॉल मला लागला होता," ती छत्रीवाल्यांना म्हणाली. "ग्लोव्हच्या टोकाला. मला कळलं होतं. यांनी आरोळी दिली तेव्हाच कळलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू?" ती एकदम उसळली. "चषक आमच्या हातात होता. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी नाचत होते. आणि यांना तरी कुणी जबरदस्ती केली होती? हे रेषेपर्यंत गेले होते. गेले असते तर कुणाला कळलं असतं? हे परत आले आणि विचारलं. तुमच्यासमोर, तुम्ही जोडी मोडणार हे माहीत असून विचारलं. आख्ख्या गावाला माहितीय ते. अध्यक्षसाहेब, आज यांच्यामुळे मी हरलेय. तर मी सांगते ते ऐका. मला पुढच्या वर्षी हेच दोघं अंपायर पाहिजेत."

मागच्या बायकांनी तिला ओढायचं थांबवलं. छत्रीवाल्यांनी छत्री उघडली, मिटली. त्यांना दुसरं काही सुचेना तेव्हा ते असंच करायचे. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "हरलेल्या संघालाच तक्रार नसेल, तर मंडळाला काय पडलंय? राहू दे जोडी." आणि चषक द्यायला निघून गेले.

बेसरावांनी प्लेटबाईकडे पाहिलं. या वेळी कुठली खूण नव्हती, कुठला नियम नव्हता. उगाच पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तू नसतीस हलली नाहीस तर मी गेलो असतो गं." वाक्य उलटसुलट झालं होतं, पण तिला ते सरळच कळलं.

चषकाचा समारंभ चालू असताना प्लेटबाई मास्क काखेत धरून नर्सेसच्या बाकाकडे गेली. तिच्या साऱ्या रविवारांचं दान या काटकुळ्या मुलीने आपला चषक गेलेला असताना तिच्या पदरात टाकलं होतं. किती आणि कशा शब्दांत आभार मानावेत, हे ती चालता चालता जुळवत होती. इंजेक्शन एकटीच बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. गाठ सुटत नव्हती.

"पोरी," प्लेटबाई म्हणाली, "तुझे उपकार मी..."

"नका हो काकू." तिने वर पाहिलंच नाही. "आभार नका मानू. आज मला तुमचा भयंकर राग आलाय. दोघांचाही."

प्लेटबाई थबकली. मग म्हणाली, "येऊ दे. यायलाच पाहिजे."

"खूप आलाय."

"हो गं."

ती तिच्या शेजारी बसली. काही वेळाने खाली वाकली, आणि काचेची कड चाचपणाऱ्या बोटांनी त्या बुटाची गाठ सोडवू लागली. इंजेक्शनने पाय मागे घेतला नाही. तिने तोंड ग्लोव्हमध्ये खुपसलं आणि मोठ्याने, अगदी लहान पोरीसारखी रडायला लागली. प्लेटबाईने एक गाठ सोडवली आणि दुसऱ्या बुटाकडे वळली.